गाडी लागेपर्यंतचा डाव: लीचेस, लुडो किंग आणि २०४८

फावल्या पाच-दहा मिनिटांत मोबाइलवर खेळायला काही शोधताना आपण बहुधा एकच गोष्ट बघतो: डाव किती वेळात संपतो. आमच्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. डाव अर्ध्यावर टाकून उठावं लागलं तर काय होतं? छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर बीडची गाडी फलाटाला नेमकी कधी लागेल ते कोणी सांगू शकत नाही. साखर कारखान्याच्या काट्यापुढं उसाचा ट्रॅक्टर घेऊन थांबलेल्याला रांग कधी सरकेल याचा पत्ता नसतो. लातूरच्या क्लासमध्ये दोन तासांमधली सुटी दहा मिनिटांची असली, तरी सर पाचव्या मिनिटाला वर्गात येऊ शकतात. मोकळा वेळ असा दुसऱ्याच्या हातात असतो. म्हणून खेळ लवकर संपतो की नाही यापेक्षा तो कधीही सोडता येतो की नाही, हे जास्त महत्त्वाचं.

या कसोटीवर इथं मुख्यतः लीचेस पाहिलं आहे आणि तुलनेला लुडो किंग व २०४८ घेतले आहेत. तिन्ही फुकट आहेत, साध्या अँड्रॉइड फोनवर चालतात आणि तिघांचा घाट एकमेकांपासून अगदी वेगळा आहे. स्वतःचा छोटा खेळ बनवू पाहणाऱ्या मंडळींना त्यातून काय उचलता येईल, तेही पुढं येईल. पैसे लावून खेळायचे मंच मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांचे खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं, दोन्हींना बंदी आहे. ‘लुडो खेळा, रोख जिंका’ म्हणणारं अ‍ॅप कोणी पाठवलं तर ते फोनवर घेऊच नये.

लीचेस म्हणजे ऑनलाइन बुद्धिबळ. थिबो ड्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरनं ते २०१० मध्ये सुरू केलं आणि आज फ्रान्समधली एक ना-नफा संस्था ते चालवते. जाहिराती नाहीत, पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली एकही सोय नाही, खर्च देणग्यांतून निघतो आणि सगळा कोड खुला आहे, म्हणजे कोणालाही पाहता-वापरता येतो. छोट्या खेळाच्या दृष्टीनं याचा थेट फायदा होतो. डाव संपल्यावर तुम्हाला धरून ठेवण्यात त्यांचा कसलाच धंदा नाही, त्यामुळं ‘थांबा, जाऊ नका’ असं सांगणारं काही पडद्यावर येत नाही. रोज हजेरी लावली तर बक्षीस नाही, चुकवली तर दंड नाही.

आत शिरणं सोपं आहे. खातं न काढता संगणकाशी खेळता येतं, त्याच्या एक ते आठ पातळ्या आहेत. खातं न काढताच मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवला आणि त्यानं तो उघडला की डाव सुरू. गुणांकन, म्हणजे हार-जितीनुसार बदलणारा दर्जाचा आकडा, हवं असेल तरच खातं लागतं, आणि ते ईमेलवर निघतं. आपल्याकडच्या पुष्कळ खेळांचं पहिलंच पान मोबाइल नंबर मागतं आणि ओटीपीची वाट पाहायला लावतं. रेंज एका काडीवर असलेल्या गावात तो संदेश मिनिट-दोन मिनिटांनी येतो, तोवर जुना ओटीपी बाद होतो, माणूस परत मागवतो, आणि हातातली पाच मिनिटं दारातच संपतात. खेळ आधी, नोंदणी नंतर, आणि तीही जिंकलेले गुण जपून ठेवायची इच्छा झाल्यावर: हा क्रम लीचेसनं बरोबर धरला आहे.

आता घड्याळ. लीचेसवर डावाची वेळ ‘३+२’ अशी लिहितात. पहिला आकडा प्रत्येकाला मिळणारी मिनिटं, दुसरा प्रत्येक खेळीनंतर वाढून मिळणारे सेकंद. डाव चाळीस खेळ्यांचा धरून लीचेस अंदाज काढतं: सुरुवातीचा वेळ अधिक वाढीव सेकंदांची चाळीस पट. ३+२ मध्ये एका बाजूला १८० अधिक ८०, म्हणजे २६० सेकंद. दोन्ही बाजू मिळून ८ मिनिटं ४० सेकंद. २+१ चा डाव याच हिशेबानं ५ मिनिटं २० सेकंदांत आटोपतो. ३+० जास्तीत जास्त ६ मिनिटं, ५+० जास्तीत जास्त १०. लातूरच्या त्या दहा मिनिटांच्या सुटीत ३+२ बसतो असं कागदावर दिसतं, पण प्रतिस्पर्धी मिळायला लागणारा वेळ आणि लांबलेला शेवट धरला तर तो काठावर येतो. तिथं ३+० घ्यावा. वाढीव सेकंद नसलेल्या डावाचा शेवट नक्की ठरलेला असतो, आणि मोजक्या वेळात बसवायला हाच त्याचा मोठा गुण.

१+० मात्र मराठवाड्यातल्या मोबाइल नेटवर खेळू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण अंतर. लीचेसचे मुख्य सर्व्हर फ्रान्समध्ये आहेत. मुंबई ते पॅरिस हवाई अंतर सुमारे सात हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण दोनशे किलोमीटर जातो, म्हणजे तार अगदी सरळ असती तरी जाऊन यायला ७० मिलिसेकंद लागले असते. प्रत्यक्षात समुद्राखालच्या तारा वळसे घेतात आणि मोबाइल टॉवरचा वेळ वेगळा. १५० मिलिसेकंद धरले आणि चाळीस खेळ्या झाल्या, तर ६ सेकंद नुसते वाटेत जातात. साठ सेकंदांच्या घड्याळातले सहा म्हणजे दहावा हिस्सा. लीचेसचा सर्व्हर हा वाटेतला वेळ काही प्रमाणात घड्याळात परत जमा करतो. ही भरपाई चांगली चालते, पण तिला मर्यादा आहे, आणि ती असायलाच हवी. नाहीतर मुद्दाम नेट मंद करून वेळ मिळवणारे निघतील. रेंज झोके घेत असेल तर भरपाई पुरत नाही. ३+२ मध्ये तेच सहा सेकंद २६० मधून जातात, त्यामुळं फरक जाणवत नाही. साइटच्या मेनूत जाण्यायेण्याचा वेळ मिलिसेकंदांत दिसतो. डाव घेण्याआधी तो बघावा. आकडा दर वेळी चारशेच्या वर जात असेल तर घड्याळाचा डाव घेऊच नये.

मधेच उठावं लागलं तर? इथं लीचेस प्रामाणिक आहे, पण कडकही आहे. डावाची स्थिती सर्व्हरवर असते. फोन बंद पडला, परत सुरू केला, तर डाव जिथं होता तिथंच उघडतो आणि चालू डाव मुखपृष्ठावरच दिसतो. फक्त तुमचं घड्याळ तोवर चालूच राहिलेलं असतं. समोरच्याला ‘प्रतिस्पर्धी निघून गेला’ असं कळतं, आणि ठरावीक सेकंद उलटले की तो विजय किंवा बरोबरी मागू शकतो. पहिली खेळी होण्याआधी डाव रद्द करता येतो, पण वारंवार रद्द केले किंवा अर्ध्यावर सोडले तर काही काळ नवे डाव मिळत नाहीत. समोर खरा माणूस बसलेला असताना यापेक्षा न्याय्य व्यवस्था करणं अवघड आहे. म्हणजे बसस्थानकावर, जिथं गाडी कोणत्याही क्षणी लागू शकते, तिथं अनोळखी माणसाशी घड्याळ लावून बसणं हीच निवड चुकीची. तो दोष मंचाचा नाही.

त्यासाठी लीचेसवरच दुसरी सोय आहे, आणि आमच्या मते या मंचावरची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. पूर्वी पोस्टकार्डावरून बुद्धिबळ खेळत, त्याच पद्धतीचा पत्रव्यवहारी डाव. प्रत्येक खेळीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते. सकाळी गाडीची वाट पाहताना तुम्ही घोडा पुढं काढला, परभणीतल्या मित्रानं दुपारी जेवणाच्या सुटीत उत्तर दिलं, रात्री मोटारीला लाईट यायची वाट बघत शेतावर बसलेला तिसरा मित्र त्याच्या वेगळ्या डावात आपली खेळी करतो. एका खेळीला दोन मिनिटं लागतात. डाव तीन आठवडे चालतो, पण कोणालाही एकदम दोन मिनिटांपेक्षा जास्त बसावं लागत नाही. दोघं एकाच वेळी ऑनलाइन असायची गरज नाही, रेंज तुटली तरी काही बिघडत नाही आणि फ्रान्सचं अंतर शून्यवत होतं. लहान बैठकीचा खेळ बनवणाऱ्यांनी हा घाट नीट पाहावा. खेळ मोठा ठेवून बैठक छोटी करता येते. त्यासाठी खेळ पाळीपाळीनं चालणारा हवा, स्थिती सर्व्हरवर हवी, आणि परत आल्यावर ‘आपण कुठं होतो’ हे दोन सेकंदांत कळायला हवं. लीचेस शेवटची खेळी पटावर रंगवून दाखवतं. एवढ्यावर बऱ्याचदा भागतं, तरी एकाच वेळी आठ-दहा डाव चालू असतील तर प्रत्येकाचा संदर्भ डोक्यात परत आणायला वेळ जातो.

एकट्यानं खेळायचं तर लीचेसवरची बुद्धिबळाची कोडी. साधी कोडी संथपणे सोडवता येतात, त्यांना घड्याळ नाही. पझल स्टॉर्म तीन मिनिटांचं: मिळेल तितकी कोडी सोडवा, न चुकता खेळ्या होत गेल्या तर वेळ वाढून मिळतो, चूक झाली तर दहा सेकंद जातात. पझल रेसर दीड मिनिटाची शर्यत. पझल स्ट्रीकमध्ये पहिल्या चुकीला खेळ संपतो. स्टॉर्म आणि रेसर सोडून गेलात तर समोर कोणी खोळंबत नाही, फक्त तेवढा प्रयत्न वाया जातो. अ‍ॅपमध्ये कोड्यांचा एक गठ्ठा आधीच उतरवून ठेवला जातो आणि ती नेट नसतानाही सोडवता येतात. मनमाड ते नांदेड गाडीत स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात रेंज येते-जाते, तिथं हीच सोय कामाला येते. बसण्याआधी घरच्या वायफायवर अ‍ॅप एकदा उघडून कोडी उतरली आहेत याची खात्री करावी.

बोटाचा प्रश्न मात्र खरा आहे. साध्या फोनचा पडदा रुंदीला ३६० एकक असतो. अँड्रॉइडवर मापं याच एककात मोजतात आणि एका इंचात अशी १६० बसतात. त्याला आठ घरांनी भागलं की एका घराला ४५ येतात, म्हणजे सुमारे सात मिलिमीटर. बोटानं दाबायची जागा किमान ४८ असावी असा अँड्रॉइडचा सल्ला आहे. पट त्याहून थोडा लहानच पडतो, आणि तो मोठा करायला पडद्यावर जागाही नाही. हलत्या बसमध्ये सोंगटी ओढताना ती शेजारच्या घरात पडते, वजीर फुकट जातो. उपाय सेटिंगमध्ये आहे: ओढण्याऐवजी ‘दोन घरांवर टिचकी’ निवडावं, आणि संथ डावांसाठी खेळी पक्की करण्याची विचारणा चालू ठेवावी. ही विचारणा जलद डावात वेळ खाते, तिथं ती बंदच बरी.

मराठीत लीचेस वापरता येतं. भाषांतर स्वयंसेवक करतात, त्यामुळं जिथं कोणी हात लावलेला नाही तिथं इंग्रजी शब्द तसेच दिसतात. प्यादं, उंट, हत्ती माहीत असलेल्याचं त्यावाचून अडत नाही. लहान मुलांच्या खात्याला ‘किड मोड’ जरूर लावावा. त्यानं गप्पा आणि निरोप बंद होतात.

लुडो किंगकडं वळू. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीनं २०१६ मध्ये आणलेला हा खेळ टाळेबंदीत घरोघरी पोचला. नियम शिकवावे लागत नाहीत, आजी आणि नातू एकाच फोनवर पाळीपाळीनं खेळू शकतात, संगणकाशी खेळायला नेट लागत नाही, आणि लांबच्या नातेवाइकांना खोलीचा कोड पाठवून बोलावता येतं. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवण्यात याला तोड नाही. पण चौघांचा पूर्ण डाव पाच मिनिटांचा खेळ नाही, आणि त्याचं कारण कोणत्याही अ‍ॅपमध्ये नसून खुद्द लुडोच्या गणितात आहे.

चार सोंगट्या, प्रत्येकीला घरी पोचायला ५६ पावलं: एकूण २२४. फाशाची सरासरी साडेतीन. सहा पडल्यावर मिळणारा जादा फासा धरला तर एका पाळीला साधारण ४.२ पावलं. म्हणजे निदान ५३ पाळ्या, आणि यात सोंगटी मारली जाऊन परत सुरुवात करणं धरलेलंच नाही. फासा फिरणं, सोंगटी सरकणं, खेळणाऱ्याचा विचार मिळून पाळीला पाच सेकंद लावले तर चौघांचा डाव सतरा-अठरा मिनिटांखाली येत नाही. त्यात सहा पडायची वाट. दहा पाळ्यांत एकही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के आहे. चार खेळणारे असतील तर निदान एकावर तरी ही वेळ येण्याची शक्यता निम्मी होते. त्या माणसाची तीन मिनिटांहून जास्त वेळ सोंगटी हलतच नाही, आणि पाच मिनिटंच मोकळी असलेला माणूस अशा वेळी खेळ सोडून जातो. उरलेल्या तिघांचा डाव बिघडतो तो इथं.

बैठक छोटी हवी असेल तर दोघांनीच खेळावं आणि लहान डावाचा पर्याय घ्यावा. ‘एक सोंगटी घरी नेली की जिंकला’ असा नियम धरला तर सहासाठी सरासरी पाच पाळ्या वाया आणि पुढं तेरा पाळ्या, मिळून अठरा. दोघांच्या छत्तीस, म्हणजे तीन मिनिटं. लुडोसारखा खेळ स्वतः बनवणाऱ्यांनी पहिली सोंगटी पटावर उघडीच ठेवावी. सहाची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचतो आणि खेळाची गंमत कमी होत नाही. फाशाची फिरकी अर्ध्या सेकंदाची करावी. एखादा निघून गेला तर त्याची जागा संगणकानं लगेच घ्यावी आणि तो परतला तर त्याला ती परत मिळावी. खेळ जाहिरातींवर चालवायचा असेल तर जाहिरात डावाच्या शेवटी यावी, पाळीच्या मधे कधीच नाही. तीन मिनिटांच्या डावात तीस सेकंदांची जाहिरात म्हणजे सहावा हिस्सा, आणि ती बघताना माणसाला बसची घोषणाही ऐकू येत नाही.

२०४८ बद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तो या कसोटीवर जवळजवळ निर्दोष उतरतो. गाब्रिएले चिरुल्ली या इटालियन तरुणानं मार्च २०१४ मध्ये तो बनवून कोड खुला केला. चार बाय चारची चौकट, चार दिशांना सरकवणं, सारखे आकडे एकत्र करणं. नवा ठोकळा दहापैकी नऊ वेळा २ चा, एकदा ४ चा, म्हणजे सरासरी २.२. त्यामुळं २०४८ गाठायला साधारण ९३० खेळ्या लागतात. सेकंदाला एक धरली तरी पंधरा मिनिटं. म्हणजे डाव पाच मिनिटांत संपत नाहीच. पण तो कुठल्याही खेळीला सोडता येतो. घड्याळ नाही, समोर कोणी नाही, आणि मूळ आवृत्ती प्रत्येक खेळीनंतर चौकट ब्राउझरमध्येच साठवते. सात मिनिटांनी किंवा दुसऱ्या दिवशी त्याच ब्राउझरमध्ये उघडा, आकडे जागेवर असतात. लवकर संपणं आणि कधीही सोडता येणं यांतला फरक समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. नेट नसताना क्रोम ब्राउझरमध्ये दिसणारा डायनासोरचा खेळ याच्या उलट टोकाला: चालू डाव साठवून ठेवत नाही, पण पडला की एका टिचकीत परत धावतो आणि त्याला नेट लागत नाही. जिथं डाव सरासरी मिनिटभराचा आहे, तिथं साठवण्याची गरजही नाही.

२०४८ च्या नकलांमध्ये एक खोड फार दिसते. खाली सरकवताना ब्राउझरला वाटतं पान ताजं करायचं आहे, आणि डाव जातो. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, ‘ओव्हरस्क्रोल-बिहेवियर’ आणि चौकटीवर ‘टच-अ‍ॅक्शन’ हे दोन गुणधर्म नीट लावले की प्रश्न सुटतो. तसंच पडद्याच्या कडेपासून सरकवलं की अँड्रॉइड मागं नेतं, म्हणून खेळाची चौकट कडेपासून थोडी आत ठेवावी.

संभाजीनगर, नांदेड, लातूरमध्ये बसून खेळ बनवणाऱ्यांनी सगळ्यात आधी काय पक्कं करावं? आमच्या मते साठवण आणि परत जोडणं, चित्रं आणि आवाज त्यानंतर. मोबाइलवर ब्राउझर बंद होताना ‘मी बंद होतोय’ असं सांगेलच याचा भरवसा नाही. फोन आला, माणूस दुसऱ्या अ‍ॅपवर गेला, आणि मेमरी कमी असलेल्या फोननं मागचं पान गुपचूप मारून टाकलं. म्हणून बंद होण्याच्या घटनेवर विसंबू नये. प्रत्येक खेळीला साठवावं, आणि पान नजरेआड गेल्याची ‘व्हिजिबिलिटी-चेंज’ घटना आली की पुन्हा एकदा. आयफोनच्या सफारीत सात दिवस साइट वापरली नाही तर ब्राउझरमधली ही साठवण पुसली जाऊ शकते, त्यामुळं महिनाभर टिकायला हवं ते सर्व्हरवरच ठेवावं.

फोन आणि सर्व्हरमधल्या जोडणीचा सगळ्यात फसवा बिघाड म्हणजे मेलेली पण उघडी दिसणारी जोडणी. घरच्या वायफायमधून बाहेर पडून मोबाइल डेटावर आलात की जुनी जोडणी निकामी होते, पण फोनला ते बराच वेळ कळत नाही. खेळणारा खेळी करतो, ती कुठंच पोचत नाही आणि पडदा शांत राहतो. दर काही सेकंदांनी छोटा संदेश पाठवून उत्तर आलं का बघावं. दोनदा आलं नाही तर जोडणी मेली असं धरून नवी करावी. नवी करताना अर्धा सेकंद, एक, दोन, चार असं थांबत जावं आणि त्यात थोडी यादृच्छिक भर घालावी. नाहीतर तालुक्याचा टॉवर परत सुरू झाला की सगळे फोन एकाच क्षणी सर्व्हरवर आदळतात. प्रत्येक खेळीला क्रमांक द्यावा. तीच खेळी दोनदा आली तर सर्व्हरनं दुसरी सोडून द्यावी. हे नसेल तर फासा दोनदा पडतो, आणि मग भांडणं लागतात. खोलीचा कोड सहा आकड्यांचा असावा, अक्षरांचा नको. तो फोनवरून मोठ्यानं सांगितला जातो, आणि आजूबाजूला गाड्यांचा आवाज असतो.

उन्हाळ्याचा विचार बाहेरचे डिझाइनर करत नाहीत. एप्रिल-मे मध्ये परभणी, नांदेडला पारा ४२ च्या वर जातो. तापलेला फोन स्वतःला वाचवायला पडद्याचा उजेड कमी करतो आणि प्रोसेसर मंद करतो. काळ्या पार्श्वभूमीवरचा राखाडी मजकूर अशा वेळी दिसेनासा होतो. पांढरी पार्श्वभूमी आणि ठळक रंग ठेवावेत. सोंगट्यांना रंगाबरोबर आकाराचीही ओळख द्यावी. पाळीच्या खेळात काही हलत नसताना पडदा पुन्हा पुन्हा रंगवू नये. सेकंदाला साठ वेळा तेच चित्र काढणारा लुडो फोन तापवतो आणि बॅटरी खातो.

मराठी मजकुराची चूक तर घरच्या मंडळींकडूनही होते. युनिटी या खेळ बनवायच्या इंजिनात मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोमध्ये देवनागरीची जुळणी आपोआप होत नाही: ‘जिल्हा’ लिहिलं तर वेलांटी ज च्या पुढं जाते आणि ल चा पाय मोडलेला दिसतो. ब्राउझरवर चालणाऱ्या फेजरसारख्या इंजिनात ही अडचण येत नाही, कारण अक्षरं ब्राउझर जुळवतो; गोडो ४ या इंजिनातही जुळणी बरोबर होते. फॉन्ट लहान करण्यासाठी छाटताना जोडाक्षरांचे नियम छाटले जाणार नाहीत हे बघावं. शब्दखेळ बनवणाऱ्यांना आणखी एक गाठ आहे. ‘मराठवाडा’ आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो, संगणकाला आठ चिन्हांचा. ‘जिल्हा’ दोन अक्षरांचा, चिन्हं सहा. जोडाक्षर एकच अक्षर मोजायचा नियम युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणानं २०२३ मध्ये १५.१ आवृत्तीत घेतला, त्यामुळं जुन्या फोनवर मोजणी वेगळी येऊ शकते. ती स्वतःच्या कोडमध्ये करणं बरं. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ मधला र दोन-तीन पद्धतींनी टाइप होतो. तुलना करण्याआधी सगळे प्रकार एकाच रूपात आणावेत, नाहीतर बरोबर शब्द चूक ठरतो आणि खेळणाऱ्याचा विश्वास उडतो.

खेळणारे अठरा वर्षांखालचे असतील, आणि क्लासच्या शहरात ते असतातच, तर २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पालकांच्या संमतीची अट आहे, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. नाव-नंबर न मागता खेळू दिलं तर यातला मोठा भार आपोआप हलका होतो.

निवडायचं झालं तर: घरी सगळे बसले असतील तर लुडो किंग, प्रवासात एकटे असाल तर २०४८ किंवा लीचेसची कोडी, आणि रोजच्या तुटक वेळेसाठी लीचेसचा पत्रव्यवहारी डाव. तो लावायला खातं काढून लॉगिन करावं, मित्राला आव्हान द्यायचा पर्याय उघडावा, वेळेच्या प्रकारात पत्रव्यवहारी निवडावं आणि खेळीला तीन दिवस ठेवावेत. एक दिवसाची मुदत गावाकडं नेट गेलं की चुकते, चौदा दिवसांच्या मुदतीत दोघंही डाव विसरतात. पहिले काही डाव बिनगुणांकनाचे घ्यावेत, सूचना चालू ठेवाव्यात, आणि एका वेळी तीनपेक्षा जास्त डाव उघडू नयेत.